धुतलेली गाडी आणि क्ले बार

गाडी धुऊन लख्ख झाली म्हणून खूश होतो. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवली, तर अक्षरशः सँडपेपर! ब्रेकची लोखंडी धूळ, झाडाचा चीक, सगळं रंगाला घट्ट चिकटलेलं. क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ, मातीसारखा गोळा) मळून चपटा केला, तो सहज घसरावा म्हणून ल्युब्रिकंट भरपूर फवारलं आणि हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवत गेलो. आधी खरखर, मग आवाजच बंद. क्लेवरचे तपकिरी डाग बघून लाजच वाटली.

दरवाजापाशी तुकडा निसटून जमिनीवर पडला. पुसून वापरायचा मोह झाला, पण ओरखडा पाडायला वाळूचा एक कण पुरतो. फेकला! जुने ओरखडे अर्थात तसेच आहेत, ते काम पॉलिशचं. वॅक्सही निघालंय, ते उद्या. आज खांदे भरून आलेत.