पाणीच तर टाकलं

मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेत शरबताच्या कुठल्याही गाडीवर दुपारी हे ऐकू येतं. गिऱ्हाईक एक घोट घेऊन तोंड वाकडं करतं, "भाऊ, आंबट झालं नं खूप." गाडीवाला म्हणतो, "थांबा, पाणी टाकून देतो." गिलास काठोकाठ भरतो. दुसऱ्या घोटाला तोंड थोडं सरळ होतं, पुरतं होत नाही. पाणी दुप्पट झालं तरी आंबटपणा निम्मा होत नाही.

लिंबातलं सायट्रिक आम्ल आपले प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयन, आंबटपणा त्यांचाच) तीन हप्त्यांत सोडतं, त्याचा हिशेब किचकट. व्हिनेगर घेतलं की सोपं जातं. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरमागे अदमासे ०.६७ मोल (रेणू मोजायचं माप) असेटिक आम्ल. त्यातलं जेमतेम अर्धा टक्का आयनांत, म्हणजे विद्युतभारित तुकड्यांत, फुटलेलं असतं, बाकी सगळे रेणू अखंड. पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), साधारण २.५. हे शंभरपट पातळ करा. आधीच पूर्ण फुटलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल असतं तर पीएच सरळ २ ने चढला असता. इथे १ नेच चढतो आणि ३.५ च्या जवळ थांबतो. कारण पाणी पडताच शिल्लक रेणूंतले आणखी काही फुटतात, अर्ध्या टक्क्याचे पाच टक्के होतात. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने १८८८ मध्ये हे सूत्रात बांधलं. 'अनंत विरल केलं की १०० टक्के विचरण', म्हणजे हवं तितकं पातळ केलं की सगळे रेणू फुटतात, असं वर्गात सांगतात, ते मात्र थोडं ताणलेलं आहे. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन, लिटरमागे एक कोटीअंश मोल का होईना, तिथे बसलेलेच असतात. त्यांच्यामुळे २५ अंशांना असेटिक आम्लाची गाडी ९९.४ टक्क्यांवर अडते. उरलेल्या ०.६ साठी कुणाची झोप उडत नाही, हेही खरं.

द्रावणात काही रेणू तुटत असतात, काही तुकडे पुन्हा जुळत असतात; दोन्ही वेग सारखे झाले की तो समतोल. पण पाणी तर तुटलेल्या आणि जुळलेल्या, दोन्ही बाजूंना सारखंच मिसळतं, मग समतोल सरकतो कशाला? या प्रश्नावर अकरावी-बारावीची मुलं ल शातलिएचं तत्त्व (समतोलात ढवळाढवळ केली की तो ती कमी करायच्या दिशेने सरकतो) घडाघडा म्हणून दाखवतात. म्हणतात छान, कळलेलं फारसं नसतं. खरी गोम भेटीत आहे. संयुग तुटायला त्याला दुसऱ्या कुणाची गरज नसते. जुळायला मात्र दोघं समोरासमोर यावे लागतात. सीताबर्डीच्या मेन रोडवर ओळखीचं माणूस हटकून धडकतं. तेवढीच माणसं कस्तूरचंद पार्कच्या मैदानावर पसरली तर चुकामूक ठरलेली. द्रावण दहापट पातळ केलं की दर मिलिलिटरमागे तुटण्याचा वेग दहापट घटतो, जुळण्याचा शंभरपट. मग तुटणं वरचढ ठरतं, आणि दोन्ही वेग पुन्हा बरोबरीला येईपर्यंत ठरतच राहतं. समतोल स्थिरांक, म्हणजे समतोलाला दोन्ही बाजूंच्या प्रमाणाचा ठरलेला आकडा, या सगळ्यात जागचा हलत नाही. विरघळलेले कण ज्या बाजूला जास्त, तिकडे पाण्याचा कल. दोन्हीकडे सारखेच असले, जसं एखाद्या निष्क्रिय द्रावकातलं एस्टर तयार होणं, तर कितीही पातळ करा, काही सरकत नाही.

डोळ्यांनी बघायचं असेल तर फेरिक थायोसायनेटसारखं दुसरं काही नाही. यात फेरिक (लोहाचा) आयन आणि थायोसायनेट आयन जुळून लाल संयुग होतं, म्हणजे दोघांचा एक. ०.००२ मोलर (म्हणजे लिटरमागे तितके मोल) फेरिक नायट्रेट आणि तितकंच पोटॅशियम थायोसायनेट, दोन्ही ०.५ मोलर नायट्रिक आम्लात बनवलेले, ५-५ मिलि एकत्र करायचे. नारिंगी-लाल रंग येतो. हे १० मिलि १०० मिलिच्या नेसलर नळीत (सपाट तळाची उंच काचनळी) ओतून पांढऱ्या कागदावर उभे करायचे. शेजारी तशाच नळीत १० मिलि फिकं पोटॅशियम परमँगनेट. दोन्ही १०० पर्यंत भरायच्या आणि बाजूने न बघता वरून बघायचं. इथेच बहुतेक जण चुकतात. बाजूने पाहिलं तर दोन्ही फिके पडलेले दिसतात, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वरून पाहिलं की परमँगनेटचा जांभळा रंग जसाच्या तसा असतो, कारण नजरेच्या वाटेत आयन तितकेच आहेत, फक्त लांब रांगेत उभे. लाल नळी मात्र पिवळट पडलेली असते. स्थिरांक १४० धरला तर आधी ११ टक्के लोह लाल संयुगात होतं, आता १.४ टक्के उरलं. वरून रंग आठवा हिस्सा, बाजूने ऐंशीवा.

लाल नळी भरायची ती त्याच ०.५ मोलर आम्लाने, नळाच्या पाण्याने नको. साध्या पाण्याने आम्लता उतरते, फेरिक आयन पाण्याशीच जुळायला लागतो आणि रंग नक्की कशामुळे गेला ते सांगता येत नाही. 

बिस्मथची तऱ्हा याहून गमतीची. संहत (दाट) हायड्रोक्लोरिक आम्लात बिस्मथ क्लोराइड स्वच्छ विरघळलेलं असतं. ते चंचुपात्रभर पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होतं. पातळ केल्यावर साका (न विरघळणारा गाळ) बसतो, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटतच नाही. बिस्मथचा क्लोराइड-संयुग आयन एक. तो पाण्याशी मोडला की ऑक्सिक्लोराइडचा साका, दोन हायड्रोजन आणि तीन क्लोराइड आयन. साका मोजायचा नाही, तरी विरघळलेले कण एकाचे पाच झाले. संहत आम्लाचे थेंब सोडत गेलं की पुन्हा काचेसारखं नितळ.

आणि कोबाल्ट क्लोराइड. संहत आम्लात गडद निळं, पाणी टाकत गेलं की जांभळं, मग गुलाबी. पण निळ्याकडे जाणारी क्रिया उष्णता शोषते, म्हणजे गरमीत स्थिरांकच बदलतो. कूलरसमोर गुलाबीकडे झुकलेली जांभळी नळी ४५ अंशांच्या गच्चीवर नेली की निळसर होते, आणि तिला गुलाबी करायला जास्तीचं पाणी लागतं. (नळी बेसिनमध्ये रिकामी करू नये, कोबाल्ट विषारी आहे.) वहीत पाण्याचे मिलिलिटर लिहिताना शेजारी तापमान लिहायचं. नागपुरात नुसता महिना लिहिला तरी बरंच कळतं.