ग्लॉक १९ साठी मी घरी शिवलेलं चामड्याचं होल्स्टर

ह्यूस्टनमधल्या आमच्या दुकानाचं शटर रात्री उशिरा खाली येतं आणि दिवसभराची रोकड घेऊन गाडीपर्यंत मलाच चालत जावं लागतं. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरीही मी रीतसर वर्ग केला, ५० गोळ्यांची नेमबाजीची परीक्षा दिली आणि परवाना काढला. पिस्तूल घेतलं ग्लॉक १९. ते निवडायला जेवढा वेळ लागला, त्याहून कितीतरी जास्त वेळ गेला होल्स्टरच्या, म्हणजे ते कमरेला बाळगायच्या म्यानाच्या, शोधात.

बाजारातली बहुतेक होल्स्टर पुरुषाच्या कमरेचा हिशेब धरून केलेली असतात. बाईची कंबर ते बरगडी हे अंतर कमी, आणि कमरेखाली शरीर बाहेरच्या बाजूला जास्त भरतं. पट्ट्याच्या आत खोचलेल्या पिस्तुलाची नळी त्यामुळे बाहेर ढकलली जाते आणि मूठ सरळ बरगडीत रुतते. कायडेक्स या प्लास्टिकची होल्स्टर भक्कम असतात, पण इथल्या दमट उन्हाळ्यात दिवसभर ती अंगाला लावून वावरणं मला जमेना. म्हणून ठरवलं, आपल्या मापाचं चामड्याचं होल्स्टर आपणच करायचं.

कागद-पेन्सिल घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या केल्या. ग्लॉकला बोटानं चालू-बंद करायचा वेगळा सेफ्टी खटका नसतो. ट्रिगर पूर्ण मागे गेला की गोळी सुटते. तेव्हा ट्रिगर दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेला हवा, आणि झाकणारं चामडं बाहेरून दाबलं तरी आत जाता कामा नये. दुसरं म्हणजे होल्स्टरचं तोंड. पिस्तूल बाहेर काढल्यावर पट्ट्याच्या दाबानं तोंड मिटलं, तर परत ठेवताना चामड्याची कड किंवा सदऱ्याचं टोक ट्रिगरपाशी अडकू शकतं. अपघात होतात ते बहुधा याच क्षणी. होल्स्टर किती छान लपतं, दिसतं कसं, हे सगळं यानंतर.

चामडं वनस्पतींच्या टॅनिनमध्ये कमावलेलंच घ्यायचं. क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ असतं, दिलेला आकार ते धरत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेनं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात. नवी चपल चावते, आणि घामानं-वापरानं हळूहळू पायाचाच आकार घेते. होल्स्टरमध्ये हाच गुण कामी येतो. मी सेंट लुईसच्या हर्मन ओक या टॅनरीचं, म्हणजे चामडं कमावायच्या कारखान्याचं, चामडं मागवलं. ही टॅनरी १८८१ पासूनची. जाडी ७ ते ८ औंस, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. इथे चामड्याची जाडी औंसात मोजतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग.

रचनेसाठी डोळ्यांसमोर होतं ‘समर स्पेशल’ हे होल्स्टर, ब्रूस नेल्सन या कारागिराचं आणि मिल्ट स्पार्क्स या दुसऱ्या कारागिरानं लोकप्रिय केलेलं. त्यात चामड्याची खरखरीत बाजू बाहेर असते, ती कपड्याला धरून राहते, आणि गुळगुळीत बाजू पिस्तुलाकडे. तोंडाशी दुसरा थर शिवून आत धातूची पट्टी घातलेली असते. तोंडाची ही पट्टी मी तशीच ठेवली. बदल केला तो कलात: मूठ सुमारे १५ अंश पुढे झुकवली आणि पट्ट्याचे फास थोडे वर घेतले, म्हणजे पिस्तूल खाली बसतं आणि बरगडी मोकळी राहते.

कागदावर मधोमध रेघ मारून त्यावर पिस्तुलाची पाठ टेकवली आणि एकेका कुशीवर निजवून दोन्हीकडची बाह्यरेषा काढली. शिवण बाह्यरेषेपासून किती लांब हवी? पिस्तुलाची निम्मी जाडी अधिक चामड्याची जाडी, म्हणजे माझ्या बाबतीत १६ मिलिमीटरच्या आसपास. शिवण यापेक्षा जवळ आली तर पिस्तूल आत जात नाही, लांब गेली तर आत खुळखुळतं.

शिवण हाताची. एकच मेणाचा दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि आरीनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एखादा टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. इंचाला सहा टाके घेतले. आरी सरळ धरली नाही तर मागच्या बाजूची भोकं वेडीवाकडी निघतात, म्हणून हे काम मी दिवसाउजेडीच करायची.

मग आकार देणं. माझ्या सगळ्यात आवडीचं काम! शिवलेलं होल्स्टर कोमट पाण्यात बुडवायचं, बुडबुडे थांबले की काढायचं आणि वरचं पाणी निथळू द्यायचं. आत घालायला खरं पिस्तूल नको. त्याच मापाची निळी, भरीव प्लास्टिकची प्रतिकृती मिळते. तिच्या पाठीवर लाकडाची बारीक काडी चिकटवली, म्हणजे पुढच्या साइटला, नेम धरायच्या खुंटीला, वाट राहते. ओलं चामडं आधी अंगठ्यांनी दाबत गेले आणि मग हाडाच्या गुळगुळीत पट्टीनं ट्रिगर गार्डची (ट्रिगरभोवतीच्या कडीची) कड आणि काडतूस बाहेर पडतं ती खिडकी हलक्या हातानं उठवली. पिस्तूल धरून राहतं ते या दोन जागांवर. मात्र पट्टी फार खोल रेटली तर पिस्तूल बाहेर यायलाच झगडतं. पंख्याखाली सावकाश वाळवलं. जास्त उष्णतेनं चामडं कडकडीत होऊन तडकतं. वाळल्यावर नखानं टिचकी मारली की लाकडावर मारल्यासारखा आवाज आला.

कडा गोल करून मेणानं घासल्या. रंग दिलाच नाही, कारण घामानं तो कपड्यांना लागतो. घाम मुरू नये म्हणून ॲक्रिलिकचा पातळ हात दिला. तेल टाळलं, तेलानं चामडं मऊ पडतं आणि मग सगळी मेहनत फुकट.

तपासणीआधी गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवल्या आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री केली. पलंगावर होल्स्टर उलटं धरून जोरात हलवलं, पिस्तूल पडलं नाही. ट्रिगरवरचं चामडं बाहेरून अंगठ्यानं दाबलं, ते आत गेलं नाही. दीड इंची जाड पट्टा आवळून पिस्तूल बाहेर काढलं, तोंड उघडंच राहिलं. सुरुवातीला पकड फार घट्ट होती, म्हणून रिकामं पिस्तूल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर आत ठेवलं. तेवढ्यानं ती बेताची सैल झाली.

आता ते रोज कमरेला असतं. परत ठेवताना सदरा बाजूला धरून, खाली बघून, सावकाश ठेवते. घरी आल्यावर पिस्तूल होल्स्टरमधून काढून तिजोरीत जातं, कारण टॅनिनचं चामडं ओल धरतं आणि त्यात महिनोन्‌महिने राहिलेल्या लोखंडाला गंज चढतो. होल्स्टर वेगळं, हवेशीर फळीवर. तोंडाची पट्टी आणि ट्रिगरजवळची शिवण अधूनमधून दाबून बघते. ती मऊ लागली की दुसरं शिवायला घ्यायचं. त्यासाठी चामड्याचा एक तुकडा बाजूला ठेवलाय.