तुम्ही विचारलंत म्हणून: सदू इतका बुजरा का?

सदू म्हणजे माझ्या कॉमिकमधला कुत्रा, आणि तो ट्रान्स मुलगा आहे, म्हणजे जन्मल्यावर लोकांनी मुलगी म्हटलेला मुलगा. त्याची चित्रं टाकायला लागल्यापासून हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता एकदाच बसून लिहितो. प्रश्न साधारण असा असतो, "कुत्रा मस्त आहे, ट्रान्स मुलगा आहे हेही मस्त, पण तो एवढा गप्प कशाला? बारा पानं झाली कॉमिकची, चार वाक्यंसुद्धा धड बोलला नाही. जरा धीट दाखव की, नाहीतर लोकांना वाटतं ट्रान्स माणसं म्हणजे बिचारी." विचारणाऱ्यांत माझे जवळचे मित्र आहेत, त्यातले काही स्वतः ट्रान्स आहेत, त्यामुळे यात वाईट हेतू नाही हे मला कळतं. तरी दर वेळी लागतं.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. रेफ शीटवर, म्हणजे पात्र कसं दिसतं, कसं वागतं ते टिपलेल्या कागदावर, मी पहिल्यांदा स्वभावापुढं "लाजाळू" लिहिलं होतं. ते मीच नंतर खोडलं. लाजाळू मान खाली घालतो. बुजरं जनावर मान वर करून, कान मागं घेऊन बघत असतं, कारण बैल बुजतो किंवा घोडा बुजतो तेव्हा त्यानं काहीतरी पाहिलेलं असतं, जे आपल्याला दिसलेलं नसतं. सदू बुजरा आहे.

हे मला मामाच्या कुत्र्यानं शिकवलं. जतच्या बाजूला मामाचं शेत, तिथं कारवान कुत्रा होता. तुम्ही सदूला ग्रेहाउंड म्हणता तेव्हा मला राग येतो तो यामुळे. त्याच जातीला मुधोळ म्हटलं तर जास्त लोकांना कळेल, 2005 मध्ये पोस्टानं देशी कुत्र्यांच्या चार जातींची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, पण मामा कारवानच म्हणायचा आणि मीही तेच म्हणणार. लांब नाक, खोल छाती, पोट आत ओढलेलं, कान डोक्याला चिकटलेले. परक्यानं हात लावलेला त्याला चालायचं नाही. चावायचा नाही, भुंकायचाही नाही, फक्त सरकायचा, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर जाऊन बसायचा आणि तिथून माणसाकडं बघत राहायचा. मामा पाहुण्यांना सांगायचा, "हात लावू नगा, त्यो आपणहून यील." आणि खरंच यायचा, कधी दुसऱ्या दिवशी, कधी चौथ्या. त्या कुत्र्याला कुणी बिचारा म्हटलेलं मी ऐकलं नाही. मग सदूलाच का म्हणता?

कुत्राच का, हेही यातच येतं. कार्टूनमधले प्राणी बघा, मादी असली की लांब पापण्या, कमरेला वळण, डोक्यावर बो, आणि नर म्हटला की रुंद खांदे. कारवान कुत्र्यात सगळ्यांचीच कंबर बारीक, सगळ्यांचीच छाती खोल. लांबून नर का मादी ते सांगता येत नाही, बघायचं तर वाकून शेपटीखाली बघावं लागतं. आणि लोक नेमकं तेच करतात. "सदूचं ऑपरेशन झालंय का?" "छातीवर ऑपरेशनच्या टाक्यांच्या दोन रेषा का नाही काढल्यास?" काढल्या होत्या. दुसऱ्या रेफ शीटमध्ये होत्या, अगदी नीट, केसांच्या दिशेसकट. मग मी त्याला आजोबांसारखा ढगळ पांढरा शर्ट घातला, आणि आता त्या रेषा आहेत का नाहीत ते मी ठरवलेलंच नाही. त्यानं शर्ट मे महिन्यातसुद्धा काढलेला नाही, तर मी का काढू?

पहिला सदू असा नव्हता हे मात्र कबूल. 2019 मधल्या त्या सदूच्या गळ्यात फिका निळा, गुलाबी आणि पांढरा रुमाल होता, मोनिका हेल्म्सनं 1999 मध्ये केलेल्या ट्रान्स झेंड्याचे रंग, छाती पुढं काढलेली, सगळे दात दिसतायत. तो तुम्हाला हवा होता तसाच धीट होता. मलाही तेव्हा तोच हवा होता, मी त्याची तीस-चाळीस चित्रं काढली असतील, आणि त्यातल्या एकातही तो मला कधी काही बोलला नाही. कुत्रा दिसला की मला लगेच कळतं त्याला काय होतंय. अस्वस्थ कुत्रा जांभई देतो, नाक चाटतो, तोंड वळवतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो. त्या पहिल्या सदूला यातलं काहीच होत नव्हतं, तो पोस्टर होता. आताचा सदू तिसऱ्या पानावर नाव विचारल्यावर जांभई देतो. बऱ्याच जणांनी लिहिलं की त्याला कंटाळा आलाय. त्याला भीती वाटलीय.

आता तो बोलत का नाही, ते.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात. आमच्याकडं पोरी "मी येतो", "मी जातो", "मी आलो" असंच बोलतात, हे तुम्हाला माहीत असेल, त्यावरून विनोदही ऐकले असतील. मी आठवीपर्यंत असाच बोललो आणि कुणाला त्यात काही दिसलं नाही. 2014 च्या जूनमध्ये आम्ही पुण्यात आलो. शिकायला माझी चुलतबहीणही आमच्याकडं आली आणि आम्ही दोघं नववीच्या एकाच वर्गात. पहिल्याच आठवड्यात पाऊस, बस उशिरा, आम्ही दोघं भिजून दारात उभे. बाईंनी विचारलं उशीर का, आणि मी म्हणालो, "बाई, मी बसनं आलो." वर्ग हसला. तेवढ्यावर मिटलं असतं, पण बाईंना वाटलं शिकवायची संधी आहे. त्या वाईट नव्हत्या, आवाजही चढलेला नव्हता, हे मी मुद्दाम सांगतोय. म्हणाल्या, "आले म्हणायचं गं, तू मुलगी ना? म्हण, मी आले." बहीण पटकन म्हणाली, "मी आले", आणि जाऊन बसली. मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. बाई परत म्हणाल्या. मी परत तोंड उघडलं. मग त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं, आलो, आले, आणि म्हणाल्या, "बघ, एक काना फक्त काढायचाय, इतकं सोपं आहे." त्या फळ्यावरचा काना अजून मला दिसतो, थोडा तिरका होता, खालचं टोक जाड. दप्तरातून पाणी गळत होतं, पायाशी थारोळं झालं होतं आणि त्या थारोळ्याकडं बघत मी उभा. मागून एक मुलगा म्हणाला, "ते मुकंय का?" पुन्हा हसणं. किती वेळ गेला माहीत नाही, मला तो सगळा तास वाटतो, प्रत्यक्षात पाच-सात मिनिटं असतील. शेवटी माझ्या तोंडून आलं, "बाई, मला उशीर झाला." बाई म्हणाल्या, "हं, बस."

त्या दिवशी मला वाट सापडली. मला उशीर झाला. मला भूक लागलीय. मी गृहपाठ केला, मी डबा खाल्ला, यात मी कोण ते कळत नाही. "मला" म्हणून सुरुवात केली की सुटका, आणि "केला, खाल्ला, पाहिलं" यात क्रियापद माझ्याकडं बघत नाही, डब्याकडं बघतं. आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे उद्या. मी येईन, मी करीन, मी सांगीन. मराठीत उद्याला लिंग नाही. मी दहावी झालो, कॉलेज झालं, बरीचशी वाक्यं अशीच जुळवत. प्रत्येक वाक्याआधी अर्धा सेकंद लागतो. समोरच्याला वाटतं, मुलगी फार कमी बोलते, विचार करून बोलते, शांत आहे.

सदूचा स्वभाव हा आहे. सुरुवातीपासून बारा पानं परत वाचा, त्यानं एकही असं वाक्य बोललेलं नाही ज्यात तो मुलगा की मुलगी ते ठरतं. "मला नको." "पाहिलं मी." "येईन." तुम्ही म्हणता तो नुसता टाळतो, सगळं उद्यावर ढकलतो. तो ढकलत नाही, त्याला तिथंच उभं राहता येतं.

ही शाळेची गोष्ट मी आधीही सांगितलीय, पण वेगळी करून. बरीच वर्षं मी ती पुण्याची भाषा विरुद्ध कोल्हापूरची भाषा अशी सांगायचो, लोकांना आवडायची, आणि ती खोटीही नाही. पण मग बहिणीचं काय? तिलाही तेच ऐकावं लागलं होतं. ती दोन महिन्यांत पुण्यात "आले" आणि गावात "आलो" म्हणायला लागली, चपला बदलाव्यात तसं. तिचं काही दुखलं नाही. मी त्या गोष्टीत स्वतःला लपवत होतो, जसा गावात सगळ्या पोरींच्या "आलो"मध्ये लपलो होतो. कालपरवापर्यंत कुणी विचारलं की मी सांगायचो, माझ्या "आलो-गेलो"वरून अंदाज बांधू नका, आमच्याकडं सगळेच असं बोलतात. आज सांगतो, बांधा. बरोबर आहे तो अंदाज. आम्ही पुण्यात आलो त्याच वर्षी, 2014 च्या एप्रिलमध्ये, सुप्रीम कोर्टानं नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं होतं की आपण कोण हे ज्यानं त्यानं स्वतः ठरवायचं. दोन महिन्यांनी मी त्या वर्गात उभा होतो आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

नावाबद्दलही बोलतो. आजोबांचं नाव सदाशिव. आज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, पण आमच्या घरात तीन नाती, त्यामुळे ते नाव तसंच राहिलं. ते मी कुत्र्याला दिलं म्हणून नात्यातल्या एका काकांनी मला फोनवर खूप सुनावलं. आजोबा खंडोबाचे भक्त, जेजुरीला जायचे, आणि तिथं खंडोबाला वाहिलेला वाघ्या देवाचा कुत्रा होऊन भुंकतो, कोटंब्यातून, म्हणजे लाकडी भांड्यातून, खातो, त्याला कुणी अपमान म्हणत नाही. हे मी काकांना सांगितलं. पण ते उत्तर मी त्यांच्यासाठी शोधलेलं होतं. खरं एवढंच की नाव मला हवं होतं आणि घ्यायचा धीर झाला नाही, म्हणून मी ते कुत्र्याच्या गळ्यात बांधलं. अजूनही घेतलेलं नाही.

म्हणून तुमचं म्हणणं मी पूर्ण उडवत नाही. कदाचित मी धीट नाही म्हणून सदू धीट नाही, आणि एवढं सगळं व्याकरण मी त्यावर पांघरूण म्हणून घातलंय. ज्या ट्रान्स मैत्रिणीनं मला लिहिलं की "मला गप्प ट्रान्स पात्रांचा कंटाळा आलाय, आयुष्यभर आम्हाला गप्पच केलंय", तिला माझ्याकडं उत्तर नाही. तिचं बरोबर आहे. तरी मला सदूला ढकलून बोलका करता येत नाही.

तेरावं पान दोन महिने अडकलंय ते यामुळेच. सदू आजीच्या दारात उभा आहे, आतून आजी विचारते, "कोण हाय?" आणि त्याचा फुगा रिकामा आहे. आजीनं पुढं काय म्हणावं हेही मला ठरवता येत नाही. माझी आजी मला "लेकरू" म्हणते. "लेकरू आलं का? लेकरू जेवलं का?" वर्गातल्या त्या मुलाचं "ते" आणि आजीचं हे "आलं", व्याकरणात एकच. एकानं मला कापल्यासारखं झालं आणि दुसऱ्यासाठी मी सहा तास एसटीत बसून जातो. आजीनं एक दिवस "आला" म्हणावं असं मला वाटतं, आणि "लेकरू आलं" कायमचं बंद व्हावं असं वाटत नाही. दोन्ही कसं व्हायचं?

परवा तिचा फोन आला. "दिवाळीला येतंय का लेकरू?" इतकी वर्षं मी "येईन" म्हणत आलोय. या वेळी म्हणालो, "येतो, आजी." तिला त्यात काही वेगळं वाटलं नसेल, गावात सगळेच तसं म्हणतात. म्हणाली, "ये. थंडीचं काहीतरी घालून ये."