पाटी नसलेलं कुर्द इस्तंबूल

तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात पसरलेला, स्वतःचा देश नसलेला समाज म्हणजे कुर्द. जगात सर्वांत जास्त कुर्द कोणत्या शहरात राहतात? इराकमधल्या एर्बिलमध्ये नाही आणि तुर्कस्तानातल्या दियारबाकिरमध्येही नाही. ते शहर म्हणजे इस्तंबूल, कुर्दांच्या मुलखापासून सुमारे हजार किलोमीटर लांब. नेमका आकडा कुणाकडेच नाही, कारण जनगणनेतले मातृभाषेचे आकडे तुर्कस्तानने १९६५नंतर प्रसिद्धच केलेले नाहीत. अंदाज वीस लाखांपासून चाळीस लाखांपर्यंत काहीही ऐकू येतात.

आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये मात्र 'कुर्द' हा शब्द येत नाही. हागिया सोफिया, ब्लू मॉस्क, बॉस्फरसमधली बोट, ग्रँड बझार, संपलं. चायनाटाऊनसारखी कमान नाही, 'कुर्द वस्ती' अशी पाटी नाही. आणि तरी अख्खी टूर दिवसभर त्यांच्याच हातचं खात असते.

मिदिये दोल्माच घ्या. गोव्याकडच्या शिणाण्यांसारखे काळे शिंपले, आत मिरी घातलेला भात. विक्रेता शिंपला उघडतो, वरच्या झाकणाचाच चमचा करतो, लिंबू पिळतो आणि हातात देतो. तुम्ही 'पुरे' म्हणेपर्यंत एकामागून एक येत राहतात, हिशेब शेवटी रिकाम्या शिंपल्यांवरून. या धंद्यात मार्दिनची माणसं सर्वांत जास्त. मार्दिन सीरियाच्या सीमेला लागलेलं, डोंगरावरचं, समुद्राशी काडीचा संबंध नसलेलं! गाव सोडून आलेल्या माणसाला शहरात जे मोकळं सापडलं ते त्याने धरलं, दुसरं काय.

आम्ही दोघी मैत्रिणी होतो, त्यातली एक पक्की शाकाहारी, त्यामुळे खाण्याची चौकशी जरा जास्तच करावी लागली. त्या चौकशीतूनच फातिह भागातला कादिन्लार पाझारी सापडला. रोमन काळातल्या, चौथ्या शतकातल्या जलसेतूच्या भव्य कमानींना अगदी लागून हा बाजार भरतो. दुकानांच्या पाट्यांवर सिर्त, वान, बित्लिस अशी पूर्वेकडच्या गावांची नावं. दोरीत ओवून वाळवलेली वांगी आणि मिरच्या, पोळ्यासकट मध, रानपिस्त्याच्या तेलाचा हिरवट बित्तिम साबण, आणि सोललेली बोकडाची मुंडकी ओळीने मांडलेली. मैत्रिणीने तिथून नजर काढली ती वानच्या चीजवर ठेवली. या चीजमध्ये डोंगरातला रानटी लसूण आणि पाला घालून ते खारवतात. चव जबरदस्त, वास त्याहून. हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी खोली साफ करणाऱ्या बाईंनी हसून खिडकी उघडी ठेवली होती.

मी गेले होते ब्युर्यानसाठी. जमिनीत खोल खणलेली भट्टी, तळाशी लाकडाचे निखारे, आत अख्खं कोकरू आकड्याला टांगायचं आणि तोंड बंद करून टाकायचं. मसाला नावाला नाही, फक्त मीठ. दुकानदार काचेमागे लटकलेल्या मांसाचा तुकडा काढतो, जड सुऱ्याने ठोकून बारीक करतो, तोलतो आणि गरम पावावर पसरतो. पाव खालून चरबी पिऊन मऊ पडतो, तोच सर्वांत चांगला घास. मुळात हा सकाळचा पदार्थ, दुपारनंतर गेलात तर उरलंसुरलं मिळेल. सिर्तकर म्हणतात ब्युर्यान आमचा, बित्लिसकर म्हणतात आमचा. शिवाय सिर्तमध्ये कुर्दांबरोबर अरबही आहेत, त्यामुळे हे भांडण मिटायची लक्षणं नाहीत. मिटूही नये.

जेवणावर चहा. तुर्की चहा म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या रिझेचा, हे मी वाचून गेले होते. इथल्या चहाच्या दुकानात मात्र 'काचाक' चहा, म्हणजे चोरटा. सीमेपलीकडून चोरवाटेने येणारा सिलोनचा चहा कुर्द भागात पिढ्यान्पिढ्या प्यायला जातो, आणि आता सरळ मार्गाने आला तरी त्याला 'चोरटा'च म्हणतात. रंगाला गडद, चवीला आपल्या ओळखीचा. मालकांनी साखरेचा खडा दातात धरून चहा कसा प्यायचा ते दाखवलं. फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने गप्पा सुरू झाल्या. मला ते 'अब्ला', म्हणजे ताई, म्हणत होते. गाव कुठलं विचारल्यावर म्हणाले, "सिर्तजवळचं. पण आता तिथे काही नाही."

या 'काही नाही'मागे मोठी गोष्ट आहे. कुर्द इस्तंबूलमध्ये पूर्वीपासून होते. उस्मानी काळात बाजारात आणि गोदीवर हमाली करणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी, आणि कुर्दांच्या पहिल्यावहिल्या संघटनांपैकी एक १९०८मध्ये याच शहरात निघाली. पण १९९०च्या दशकात आलेली लाट वेगळी होती. तुर्की लष्कर आणि पीकेके ही कुर्दांची सशस्त्र संघटना यांच्यातल्या युद्धात गावंच्या गावं रिकामी करण्यात आली. तुर्की संसदेच्याच १९९८च्या अहवालात सुमारे ३,४०० गावं आणि वाड्या, ३ लाख ७८ हजार माणसं असा हिशेब आहे. हाजेत्तेपे विद्यापीठाने २००६मध्ये केलेल्या पाहणीत विस्थापितांचा आकडा साडेनऊ ते बारा लाखांच्या घरात निघाला. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांची माणसं निदान पुनर्वसनाचं कार्ड दाखवतात. इथे तेही नव्हतं.

भाषेचं तर विचारूच नका. १९८३च्या २९३२ क्रमांकाच्या कायद्यात कुर्दीचं नावसुद्धा नव्हतं. शब्दरचना अशी की तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांच्या पहिल्या अधिकृत भाषा सोडून इतर कुठल्याही भाषेत विचार मांडायला मनाई. कुर्दी कुठल्याच देशाची पहिली अधिकृत भाषा नव्हती, झालं काम! हा कायदा १९९१मध्ये गेला, पण क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं तुर्की वर्णमालेत नाहीत म्हणून कुर्दी नावांची नोंद पुढेही अडायची. 'शो टीव्ही' नावाच्या वाहिनीतला डब्ल्यू मात्र कुणाला खुपला नाही. अक्षरांची ही अडवणूक सैल झाली २०१३मध्ये. त्याआधी १ जानेवारी २००९ला सरकारने स्वतःच कुर्दी वाहिनी सुरू केली होती. धोरणाची सुसंगती शोधत बसू नये.

तारलाबाशी ही जुनी वस्ती, इस्तिकलाल या खरेदीच्या गजबजलेल्या रस्त्यापासून पाच मिनिटांवर. एकेकाळी ही ग्रीक आणि आर्मेनियन लोकांची वस्ती. १९५५च्या ग्रीकविरोधी दंगली आणि १९६४ची ग्रीकांची हकालपट्टी यांनंतर घरं रिकामी झाली आणि पुढे त्यांत कुर्द आले. १९८०च्या दशकात महापौर दालान यांनी मधून रुंद रस्ता काढला, तीनशेहून जास्त इमारती पाडल्या आणि वस्ती शहरापासून तोडली गेली. २००६मध्ये 'नूतनीकरण क्षेत्र' जाहीर झालं, आता एका कडेला चकचकीत इमारती उभ्या आहेत. आतल्या गल्ल्यांत अजून या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत कपडे वाळत असतात. एका दारात तीन बायका घमेल्याभोवती बसून शिंपले उघडत होत्या. बोथट सुरी आत घालून एक हिसका, भात भरायचा, झाकण दाबायचं. हात यंत्रासारखे, गप्पा अखंड. रात्री आम्ही उभ्याने खाल्ले होते ते असेच कुठून तरी आलेले असणार. कॅमेरा मी बाहेर काढला नाही, काढू नये असंच वाटलं.

इस्तिकलालवर संध्याकाळी डफ वाजायला लागला की अनोळखी पोरं करंगळीत करंगळी अडकवून गोवेंद हा कुर्दी नाच धरतात, सर्वांत पुढचा रुमाल फिरवतो. त्याच रस्त्यावर गलातासराय चौक आहे. पोलिसांच्या कोठडीतून बेपत्ता झालेल्यांचे नातलग, त्यांत कुर्द पुष्कळ, २७ मे १९९५पासून दर शनिवारी तिथे बसू लागले. त्यांना 'शनिवारच्या आया' म्हणतात. मधली दहा वर्षं त्यांनी पोलिसांच्या मारहाणीमुळे बसणं थांबवलं होतं. २०१८च्या ऑगस्टमध्ये ७००व्या आठवड्याला पोलिसांनी त्यांना उधळलं आणि चौकाला कठडे घातले. संविधान न्यायालयाने तो हक्कभंग ठरवला, तरी आम्ही गेलो तेव्हा कठडे होतेच. मोजकी माणसं कठड्याला टेकून उभी, छातीशी फोटो, हातात लाल कार्नेशन. शॉपिंगच्या पिशव्या घेतलेली गर्दी बाजूने वाहत होती. आम्हीही त्याच गर्दीतल्या.

जायचं असेल तर मेट्रोच्या एम२ मार्गावर वेझनेजिलेरला उतरा, कादिन्लार पाझारी तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं. सकाळीच जा. शाकाहारी मंडळींनी पेर्दे पिलावाच्या घुमटाला भुलू नये, कणकेच्या त्या कवचात बदामांबरोबर कोंबडी असते. तारलाबाशीचा बाजार रविवारी, गलातासरायला शनिवारी दुपारी बारा वाजता. आणि मिदियेवाल्याला पहिला शिंपला तोंडात टाकण्याआधी भाव विचारून घ्या.