कोरं फोम पॅड गाडीवर टेकवू नका

पॉलिशर चांगला आहे, कंपाउंड (रंगावरच्या रेघा घासून घालवणारी पेस्ट) महागातलं आहे, तरी काम झाल्यावर उन्हात बॉनेटवर बारीक रेघांचं जाळं दिसतं. असं झालं की आधी पॅडकडे बघा. कोऱ्या फोमवर चार ठिपके देऊन मशीन सुरू केलं, तर ठिपक्यांपुरताच फोम काम करतो आणि उरलेला क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, कोरडा घासत राहतो. त्याने पृष्ठभाग तापतो, फोमची कड झिजते आणि नव्या रेघा उठतात. क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचाच असतो. तिथे अशी चूक परवडत नाही.

पुढची मापं डीए पॉलिशर (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड गोल फिरवतानाच हलवणारं मशीन), ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर वेल्क्रोने चिकटतं ती चकती) आणि साडेपाच इंची पॅडची आहेत.

पॅड प्लेटच्या बरोबर मधोमध बसवा, म्हणजे सगळीकडून पाव इंच फोम बाहेर राहील. एका बाजूला सरकलं तर मशीन थरथरतं आणि दुसऱ्या बाजूने प्लेटची कड रंगाला लागू शकते. नव्या पॅडवर फोमचे सुटे कण असतात, ते नायलॉनच्या मऊ ब्रशने झटकून टाका.

आता मुख्य काम. पॅडच्या तोंडावर मटारच्या दाण्याएवढे आठ-दहा ठिपके द्या. हातमोजा घालून ते बोटांनी मधल्या भागापासून कडेपर्यंत पसरा आणि छिद्रांत दाबून जिरवा. कडेच्या गोलाईवरही पातळ हात फिरवा, कारण बंपरच्या वळणावर आणि दाराच्या हँडलजवळ तीच टेकते. सगळ्या तोंडाला एकसारखा रंग आला पाहिजे, कुठे कोरा डाग राहता कामा नये. वर साचलेला जाड थर मात्र बोटाने निपटून काढा. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि पहिल्याच भागावर कंपाउंडचे शिंतोडे काचेपर्यंत उडतात.

एवढं झालं की दीड बाय दीड फुटाच्या प्रत्येक भागाला तीन-चार ठिपके पुरतात. पॅड रंगावर टेकवल्यावरच मशीन सुरू करा. वेग १ नंबरवर ठेवून कंपाउंड पसरा, मग ४ किंवा ५ वर न्या.

‘जास्त घातलं तर जास्त कापेल’ हा समज खोटा आहे. छिद्रं भरली की पॅड कंपाउंडच्या थरावरून नुसतं घसरतं, जड होऊन तापतं आणि मागे चिकट थर सोडतं. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. सपाट पॅनलवर दाब तोच असताना ती रेघ फिरायची थांबली, तर पॅड भरलंय असं समजा.

म्हणून प्रत्येक भाग झाला की गाडीपासून दूर जाऊन, मशीन सावकाश फिरवत पॅडवर पाच-दहा सेकंद ब्रश धरा. निघालेला रंग आणि सुकलेलं कंपाउंड एकत्र येऊन गोळ्या होतात आणि त्याच गोळ्या पुढच्या पॅनलवर रेघा काढतात. दोन-तीन पॅनलनंतर पॅड बदला. पूर्ण गाडीला कटिंगची (रेघा घालवायची) पाच-सहा आणि फिनिशिंगची (शेवटची चकाकी आणायची) तीन पॅडं हाताशी हवीत. एका पॅडवर दोन वेगळी कंपाउंडं चालवू नका. फोमचा रंग बघूनही पॅड निवडू नका, कारण एका कंपनीचं नारिंगी पॅड कटिंगचं असतं तर दुसरीचं नुसत्या पॉलिशचं.

एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीवर कंपाउंड पसरता पसरता वाळतं. अशा वेळी पॅडवर पाणी मारत बसण्यापेक्षा गाडी सावलीत घ्या आणि हात टेकवता येईल इतकं पॅनल गार होऊ द्या.

काम संपताच, कंपाउंड सुकायच्या आत पॅड कोमट पाण्यात सौम्य लिक्विड साबणाने धुवा. तळहाताने दाबा, पिळू नका. उकळतं पाणी किंवा कडक डिग्रीझर वापरलं तर फोम आणि वेल्क्रोमधला गोंद सुटतो. मग रिकाम्या बादलीत मशीनवर फिरवून पाणी काढा आणि फोमचं तोंड खाली, वेल्क्रो वर अशी जाळीवर सावलीत वाळत घाला. कोकणातल्या पावसाळ्यात वाळायला दोन दिवसही लागतात. आतून दमट पॅड वापरू नका, कंपाउंड पातळ होऊन उडतं.

हातातून जमिनीवर पडलेलं पॅड झटकून परत लावू नका. वाळूचा एक कण फोममध्ये अडकला तरी तो पूर्ण दारावर गोल खरवड्या काढतो. बाजूला ठेवा, दुसरं लावा आणि पडलेलं धुतल्यावरच वापरा.