पाऊण म्हणजे पंच्याहत्तर नव्हे

क्रोमवरचा गंज चांदीच्या कागदाने निघतो, हे मी गिऱ्हाइकाला करून दाखवत होतो. बोळा पाण्यात बुडवायचा आणि घासत सुटायचं. तो खूश. सेकंडहँड घेतलेली श्विन कंपनीची जुनी क्रूझर सायकल, ऐसपैस वळलेलं हँडल, स्प्रिंगची रुंद सीट. आता त्याला जाडजूड क्रीम रंगाचे टायर हवे होते, आणि ते तो स्वतःच घेऊन आला होता : 26 × 2.125 इंच. ‘दोन तासांचं काम,’ असं मी बोलून बसलो.

त्यातला पहिला तास क्रँकनेच, म्हणजे पायडलं बसतात त्या दांड्यानेच, खाल्ला. या सायकलींचा क्रँक एकसंध असतो, एकच सळई वाकवून केलेला. तो काढायचा तर डाव्या बाजूचा नट खोलायचा, आणि त्याचे आटे उलटे. हे मला पाठ आहे. हाताला नाही. सैल करायला गेलो आणि आणखी आवळून ठेवला. आत ग्रीसचं डांबर झालं होतं. धुतलं, छर्रे बदलले.

मग टायर. कड काही केल्या रिमवर चढेना. लिव्हर लावले, साबणाचं पाणी लावलं, शिव्या घातल्या. एक लिव्हर वाकला तेव्हा कुठे काढलेल्या टायरवरची धूळ पुसून पाहिली. 26 × 1¾. सव्वीसच की! पण सायकलच्या जगात 1¾ आणि 1.75 ही एकच गोष्ट नाही. दशांशातला 26 चा टायर 559 मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. श्विनच्या या 1¾ ची रिम 571 ची. कडेत तार असते, ती 12 मिलिमीटर ताणत नाही. वाकलेला लिव्हर पाहत गिऱ्हाईक म्हणालं, ‘मग रिम बदला.’ त्याला क्रीम टायरच हवे होते.

चाकांच्या मधोमध असतात ते दोन्ही हब जुनेच ठेवले, कारण मागच्याच्या पोटात ब्रेक. रिम लहान झाल्याने आरेही साधारण 6 मिलिमीटरने आखूड लागले, प्रत्येक चाकाला 36. चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढता काढता अंधार पडला. फुगीर टायर मडगार्डला घासत होते, तेव्हा मडगार्डही उतरवले. त्यानंतरच दिसायला ती खरी क्रूझर झाली, हे माझं मत. शेवटी ब्रेकची पट्टी फ्रेमच्या दांडीला क्लिपने घट्ट केली. ती सैल राहिली तर ब्रेक मारताना चाकाबरोबर तीच गरगर फिरते.

गिऱ्हाईक चक्कर मारायला गेलं आणि सायकल ढकलत परत आलं.

‘थांबल्यावर पायडल मागे फिरवून वर घ्यायला गेलो. चेन अडकतेय.’

मी मागचं चाक उचललं, पुढे फिरवलं आणि पायडल उलटं दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं.

‘हा ब्रेक आहे.’

त्याने हँडलच्या दोन्ही मुठी चाचपून पाहिल्या.