दीड डिग्री खाली

अमळनेर, रविवार, रात्रीचे साडेदहा

गाडीचे मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे हौसिंगला बसतात त्या दोन्ही सीटा, म्हणजे बैठका, काल टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारून लावल्या होत्या. आज त्या ग्राइंडरने तोडल्या. पत्र्याच्या शेडमध्ये पाना हातात धरवत नव्हता, एवढं ऊन. पण चूक माझी होती. चेसिस लोखंडी घोड्यांवर उभी, हौसिंग (मागच्या चाकांच्या आसाचं कवच) खाली लोंबतंय, आणि तशात मी पिनियनचा, म्हणजे शाफ्टकडून फिरणं घेणाऱ्या हौसिंगमधल्या दातेरी चाकाचा, कोन लावून मोकळा झालो होतो. सकाळी शेजारचे आप्पा डोकावले. "काय करी ऱ्हायना रे भाऊ? पहिले वजन ठेव, मंग माप ले." आप्पांची उभी हयात ट्रकचे पाटे भरण्यात गेली आहे.

चाकं जमिनीवर टेकवली. बॉडी अजून नाही, म्हणून युरियाच्या ४५ किलोच्या सहा गोण्या वर रचल्या. गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंत जाणाऱ्या शाफ्टचा उतार काल ७ डिग्री होता, तो ५ वर आला. गिअरबॉक्स मागे ३ डिग्री खाली झुकलेला, म्हणजे पुढच्या क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्यावर) पाचातून तीन गेले, २ डिग्री.

कोनात फिरणारा क्रॉस मागच्या बाजूला एकसारखं फिरू देत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा पुढे पळते, दोनदा रेंगाळते. कोन तिप्पट झाला की ही ओढाताण जवळजवळ नऊपट. मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असतील, तरच पुढच्याने केलेलं मागचा फेडतो. त्या हिशेबाने पिनियनचं नाक, म्हणजे शाफ्टकडचं टोक, ३ डिग्री वर हवं. पण पाट्यांची गाडी जोर घेते तेव्हा हौसिंग वळतं आणि नाक आणखी उचललं जातं. म्हणून उभ्या गाडीत मी ते दीडवरच ठेवलं. चालताना ते तीनच्या आसपास येईल.

बाबांच्या जीपला साठच्या पुढे सीटखाली थरथर यायची. धुळ्याला जाताना बाबा पन्नासच्या वर जातच नसत. शाफ्ट दोनदा बॅलन्स करून आणला, फरक शून्य. नंतर इंजिन बदलताना मीच सगळं एका सरळ रेषेत आणलं. वाटायचं, सरळ म्हणजे उत्तम. वर्षभरात क्रॉस गेला. तो अजून खणात आहे. आज काढून पाहिला. खुंटावर सुयांचे बारीक चर उमटलेत, नखाला एकेक लागतो. कोनच नसेल तर बेअरिंगच्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी ठोकत बसतात. अर्धा डिग्री तरी कोन लागतोच. कोनांचं हे सगळं गणित तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बाबांना ती जीप साठच्या पुढे पळवता आली असती.

संध्याकाळी नव्याने फक्त टॅक मारलेत. पक्कं वेल्डिंग उद्या, तेही थोडं थोडं, बाजू बदलत, नाहीतर हौसिंगची नळी तापून वाकेल. गोण्या रात्रभर वरच राहू देतोय. पाटे अजून बसले, तर सकाळच्या मापात दिसेल.